एवढ्या वर कोण राहतं?

२९ नोव्हेंबर १९७३. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्ट नावाचा देश आहे. तिथल्या आबिजान शहरावरून एक विमान चाललं होतं, साधारण ३७,००० फुटांवरून. म्हणजे ११ किलोमीटरपेक्षाही जास्त उंची झाली, एव्हरेस्टच्या शिखरापेक्षा दोन-अडीच किलोमीटर वर. आणि तिथे विमानाला धडकलं कोण? गिधाड! एक इंजिन बिघडलं, पण विमान सुखरूप उतरलं. मिळालेल्या पिसांवरून शास्त्रज्ञांनी गिधाडाची जातसुद्धा ओळखली. रुपेलचं गिधाड म्हणतात त्याला. याच्याहून उंच उडालेल्या पक्ष्याची नोंद आजवर कुठेही नाही.

बरं, मग त्याच्याही वर कोण असतं? २० किलोमीटरवर? ३० किलोमीटरवर? ४० किलोमीटरवर?

तुम्ही म्हणाल, कोण कशाला असेल तिथे! खायला नाही, प्यायला नाही, श्वास घ्यायला धड हवा नाही. ४० किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की तिचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या साडेतीनशेव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. शिवाय आपलं उन्हापासून रक्षण करणारा ओझोनचा थर बराचसा खालीच राहिलेला असतो. सूर्याचे अतिनील किरण तिथे जवळपास थेट अंगावर येतात. हे किरण जिवंत पेशींचे शत्रू. पाणी शुद्ध करायच्या यंत्रात जंतू मारायला हेच किरण वापरतात.

तरीसुद्धा काही माणसांना वाटलं, वर जाऊन बघायला काय हरकत आहे? त्यांनी काय केलं, त्याची ही गोष्ट.

एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक फुगा आकाशात सोडला गेला. तिथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे, आणि असे फुगे सोडणं हेच त्या केंद्राचं काम. फुगा केवढा? २ कोटी ६७ लाख घनफुटांचा! एवढ्या मोठ्या आकड्याने काही कळत नाही, म्हणून आपण हिशेब करू. घरातली एखादी खोली १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच धरा. तिच्यात १,००० घनफूट जागा असते. आता २ कोटी ६७ लाखांना १,००० ने भागा. आलं उत्तर? २६,७०० खोल्या! एखाद्या तालुक्याच्या गावातल्या सगळ्या घरांतल्या सगळ्या खोल्या त्या एका फुग्यात मावतील.

जमिनीवरून सुटताना मात्र हा फुगा इतका टम्म फुगलेला नसतो. त्यात थोडाच वायू भरलेला असतो आणि बाकीचा फुगा लोंबत असतो. तो वर जातो तसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, आतला वायू पसरतो आणि फुगा फुलत जातो. आधीच पूर्ण भरला तर वाटेतच फुटेल.

या फुग्याला खाली ४५९ किलोचं ओझं टांगलं होतं. त्या ओझ्यातली खरी मौल्यवान वस्तू म्हणजे स्टेनलेस स्टीलची १६ नळकांडी. ती आधी निर्जंतुक केली, मग त्यांतली हवा पूर्ण काढून घेतली आणि तोंडं घट्ट बंद केली. आत काही म्हणजे काही नाही, नुसती पोकळी. वर पोचलं की ठरलेल्या उंचीवर एकेकाचं तोंड उघडायचं, बाहेरची हवा आत घ्यायची आणि पुन्हा बंद करायचं. पण इथे एक अडचण होती. इतक्या विरळ हवेत नळकांडं उघडलं, तर आत शिरून शिरून हवा शिरणार किती? चिमूटभर! तेवढ्याशा हवेत काही सापडलं नाही, तर तिथे काहीच नव्हतं म्हणायचं, की हवाच कमी पडली म्हणायचं?

यावर या शास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती मला सगळ्या प्रयोगात सर्वांत जास्त आवडते. नळकांडी त्यांनी ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवली होती. निऑन हा एक वायू आहे. त्याचं पाणी करायचं तर त्याला उणे २४६ अंश सेल्सिअसपर्यंत गार करावं लागतं. आता बघा काय होतं. नळकांड्याचं तोंड उघडलं. थोडी हवा आत आली. भिंतीला लागली आणि तिथेच गोठली! हवेतला नायट्रोजन गोठला, ऑक्सिजन गोठला, भिंतीवर त्यांचा थर बसला. हवा गोठली म्हणजे आत पुन्हा पोकळीच. मग बाहेरची आणखी हवा आत ओढली गेली. तीही गोठली. मग आणखी. ना मोटर, ना पंखा, नुसत्या थंडीच्या जोरावर नळकांडं वरची हवा पीत राहिलं. २० किलोमीटरपासून ४१ किलोमीटरपर्यंत वेगवेगळ्या उंचीवरची हवा अशी गोळा झाली आणि सगळी नळकांडी पॅराशूटने जमिनीवर आली.

या प्रयोगाचे प्रमुख होते डॉ. जयंत नारळीकर.

हो, तेच! ज्यांच्या विज्ञानकथा तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात असतील, तेच. ते १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मले, बनारसला वाढले, इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकले आणि पुढे पुण्यात त्यांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. मुलं त्यांच्याकडे सही मागायला गेली, तर ते म्हणत, नुसती सही नाही देणार; पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करतो. आणि खरंच उत्तरं पाठवत. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

पण ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हवेतल्या जंतूंशी काय करायचंय?

त्याचं असं आहे की, एक प्रश्न आहे. तो विचारायला सोपा आणि सोडवायला महाकठीण. पृथ्वीवरचा पहिला जीव आला कुठून? तुम्ही आईबाबांपासून झालात, ते त्यांच्या आईबाबांपासून. असं मागे मागे जात राहिलात तर माकडं लागतील, मासे लागतील, शेवटी एका पेशीचे जीव लागतील. पृथ्वीचं वय आहे सुमारे ४५४ कोटी वर्षं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातल्या खडकांत जवळजवळ ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांच्या खुणा सापडल्या आहेत. मधल्या १०० कोटी वर्षांत कधीतरी, कुठेतरी, निर्जीव गोष्टींतून पहिला सजीव झाला. कसा?

एक उत्तर असं, की तो इथेच झाला, पृथ्वीवरच्या पाण्यात. रशियाच्या ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि इंग्लंडच्या हाल्डेन यांनी १९२९ मध्ये हा विचार स्वतंत्रपणे मांडला. (हे हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथेच राहिले आणि भारताचे नागरिक झाले.) विचार तर मांडला, पण करून कोणी बघायचं? ते केलं अमेरिकेत शिकागो विद्यापीठात शिकणाऱ्या स्टॅनली मिलर नावाच्या तरुणाने. १९५२ साली तो अवघा २२ वर्षांचा होता. त्याचे गुरू हॅरल्ड युरी हे नोबेल मिळालेले मोठे शास्त्रज्ञ.

मिलरने काचेची दोन भांडी नळ्यांनी जोडली. खालच्या भांड्यात पाणी उकळत ठेवलं. हा झाला समुद्र. वरच्या भांड्यात मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरले. हे झालं तेव्हाचं वातावरण, म्हणजे तेव्हा असं असावं असा युरींचा अंदाज. त्या वातावरणात विजेच्या ठिणग्या पाडल्या, आकाशातल्या विजांसारख्या. पुढे वाफ थंड होऊन पुन्हा खालच्या भांड्यात पडायची, म्हणजे पाऊस. असं आठवडाभर चालू ठेवलं. पहिल्याच दिवसानंतर पाणी गुलाबी दिसायला लागलं. आठवडा संपता संपता ते गडद लाल आणि गढूळ झालं. तपासलं तर त्यात अमिनो आम्लं! तुमचे स्नायू, केस, नखं ज्या प्रथिनांची बनलेली आहेत ती प्रथिनं याच अमिनो आम्लांची साखळी असतात. मे १९५३ मध्ये हे छापून आलं. युरींनी त्या लेखावर स्वतःचं नाव घातलं नाही, कारण आपलं मोठं नाव पाहून लोक या मुलाला विसरतील हे त्यांना माहीत होतं. किती चांगले सर!

याची आणखी एक गंमत पुढे झाली. मिलर २००७ मध्ये वारले. त्यांच्या सामानात १९५० च्या दशकातल्या प्रयोगांच्या कुप्या मिळाल्या, नीट चिठ्ठ्या चिकटवलेल्या. त्यांचे विद्यार्थी जेफ्री बाडा यांनी त्या कुप्या आजच्या यंत्रांनी पुन्हा तपासल्या. एका प्रयोगात २० पेक्षा जास्त अमिनो आम्लं निघाली. मिलरच्या काळातल्या उपकरणांना ती सगळी दिसलीच नव्हती.

पण अमिनो आम्ल म्हणजे जीव नव्हे हं. ते खात नाही, वाढत नाही, त्याला पिल्लं होत नाहीत. तिथपासून पहिल्या जिवंत पेशीपर्यंतचा रस्ता अजून कुणालाही प्रयोगशाळेत चालून दाखवता आलेला नाही.

दुसरं उत्तर एकदम वेगळं आहे. जीव इथे झालाच नाही, तो बाहेरून आला! केंब्रिजमध्ये नारळीकरांचे गुरू होते फ्रेड हॉइल. ते आणि मूळचे श्रीलंकेचे चंद्रा विक्रमसिंघे म्हणत, की सूक्ष्मजीव धूमकेतूंवर बसून अवकाशात फिरतात आणि धुळीबरोबर पृथ्वीवर पडतात. अजूनही पडत असतात. बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटलं नाही, आजही पटत नाही. आणि माझ्या मते त्यात एक मोठी अडचण आहे: जीव बाहेरून आला असं मानलं, तर मग त्या बाहेरच्या ठिकाणी तो कसा झाला, हा प्रश्न उरतोच की.

पण नारळीकरांनी काय विचार केला पाहा. गुरू म्हणतात म्हणून खरं मानायचं नाही, आणि जग हसतं म्हणून खोटंही मानायचं नाही. वरून खरंच काही पडत असेल, तर ते वरच्या हवेत सापडलं पाहिजे. चला, हवा आणू या! जानेवारी २००१ मध्ये त्यांच्या गटाने पहिला फुगा सोडला. ४१ किलोमीटरवरून आणलेल्या हवेत त्यांना पेशी दिसल्या. जिवंत पेशीच्या संपर्कात चमकणारा रंग घातल्यावर त्या चमकल्यासुद्धा. २००५ चा फुगा हा पुढचा, जास्त काळजीपूर्वक केलेला प्रयोग.

आता त्या १६ नळकांड्यांकडे जाऊ. आणलेली हवा दोन ठिकाणी वाटून दिली. काही हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. शिवाजी यांच्याकडे, काही पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेत डॉ. योगेश शौचे यांच्याकडे. दोघांनी वेगवेगळं काम केलं. एकाच्या प्रयोगशाळेत चुकून काही घुसलं असेल, तर दुसऱ्याकडे ते दिसणार नाही. दोन्हीकडे मिळतंजुळतं उत्तर आलं, तर भरवसा वाढतो. आणि तसंच झालं.

बशीत खाऊ घालून, ऊब देऊन वाढवल्यावर त्या हवेतून १२ जिवाणू आणि ६ बुरश्यांच्या वसाहती उगवल्या! त्यांतले निम्मे तर पृथ्वीवरचे ओळखीचेच निघाले, ९८ टक्क्यांहून जास्त जुळणारे. पण तीन जिवाणू असे होते, की ते तोवर कुठेच नोंदलेले नव्हते. २००९ मध्ये त्यांची नावं जाहीर झाली. एकाचं नाव जॅनिबॅक्टर हॉइलेई, फ्रेड हॉइल यांच्यावरून. दुसऱ्याचं बॅसिलस इस्रोनेन्सिस, कारण या कामात इस्रोचा मोठा वाटा होता. तिसऱ्याचं बॅसिलस आर्यभट्टाई. आर्यभट हे आपले प्राचीन खगोलशास्त्रज्ञ, आणि इस्रोच्या पहिल्या उपग्रहाचं नावही आर्यभटच. हे तिघेही त्यांच्या पृथ्वीवरच्या जवळच्या नातेवाइकांपेक्षा अतिनील किरण जास्त सोसणारे निघाले.

झालं! सापडले परग्रहवासी! असं म्हणून पेढे वाटायचे का?

थांबा, थांबा. लोणच्याच्या बरणीत कुणी ओला चमचा घातला की आठ दिवसांत वर पांढरी बुरशी दिसते. ती बुरशी लोणच्यात जन्मलेली नसते. हवेतून, चमच्यावरून, हातावरून तिचे बीजाणू आत जातात. सूक्ष्मजीव सगळीकडे असतात. तुमच्या बोटांवर, पापण्यांवर, या मासिकाच्या पानावर, आत्ता. म्हणून ४१ किलोमीटरवरून आणलेल्या नळकांड्यात जीव सापडला, तर पहिला प्रश्न असा: तो वरून आला, की कुणाच्या हातून गेला? या मंडळींनी नळकांडी कशी निर्जंतुक केली, कशी तपासली याच्या खबरदाऱ्या बघितल्या, तर ते जीव खरोखर वरच्या हवेतले होते असा विश्वास वाटतो.

मग दुसरा प्रश्न. वरच्या हवेतले, बरोबर. पण तिथे ते गेले कुठून? आकाशातून खाली आले, की जमिनीवरून वर चढले? आपल्याकडच्या मोठ्यात मोठ्या वादळी ढगांचे माथे साधारण १७-१८ किलोमीटरवर थांबतात. त्याच्या वर हवा उंचीबरोबर थंड होण्याऐवजी गरम होत जाते, त्यामुळे खालची हवा सहजी वर घुसळली जात नाही. म्हणजे धुळीबरोबर ४१ किलोमीटर चढणं अवघड. अवघड आहे, अशक्य नाही! जानेवारी २०२२ मध्ये प्रशांत महासागरात टोंगाजवळ समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला. त्याचा लोट किती वर गेला असेल? ५७ किलोमीटर! उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून ही उंची मोजली गेली. पृथ्वी स्वतःच आपली राख, पाणी आणि त्यात असेल ते एवढ्या उंचीवर फेकू शकते.

इस्रोने २००९ मध्ये ही बातमी दिली, तेव्हाच स्वच्छ सांगून टाकलं होतं, की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं या अभ्यासावरून ठामपणे सिद्ध होत नाही. या एका वाक्यासाठी मला त्या सगळ्या लोकांचा फार आदर वाटतो. केवढी मोठी बातमी करता आली असती! मुद्दाम फुगवायला फुगाही तयारच होता. त्यांनी ती फुगवली नाही.

आणि पुढे काय झालं माहितेय? आर्यभट्टाई हा जिवाणू नंतर मातीत सापडायला लागला. अगदी आपल्या शेजारी, मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत, सोयाबीन आणि गव्हाच्या शेतांत! २०१४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की तो मातीतलं जस्त मोकळं करून पिकाला मिळवून देतो. शास्त्रज्ञांनी आता त्याचं आडनावही बदललंय, बॅसिलसऐवजी प्रिस्टिया. तेव्हा माझं मत विचाराल तर हा गडी आकाशातला नव्हे, मातीतलाच. पण म्हणून प्रयोग फुकट गेला असं मुळीच नाही. पृथ्वीवरचं जीवन २७ ते ४१ किलोमीटरपर्यंत पोचतं, आणि नळकांड्यातून बाहेर काढून खाऊ दिला की वाढतंसुद्धा, हे कळलं ना! ते तिथे खरोखर राहतात की नुसते झोपल्यासारखे तरंगतात, हा पुढचा प्रश्न. गिधाडाला तर त्यांनी कधीच मागे टाकलंय.

आता तुमच्या डोक्यात एक शंका आली असेल. बाहेरून आलेली गोष्ट खरंच बाहेरची आहे, हे कधी कळतच नाही का? कळतं! त्यासाठी आधी आपल्या बोटांची गोष्ट ऐका.

आकाशातून पडलेल्या दगडांना आपण उल्कापाषाण म्हणतो. काही उल्कापाषाणांत अमिनो आम्लं सापडल्याचं १९६० च्या सुमारास लोक सांगत होते. मग १९६५ मध्ये काही शास्त्रज्ञांनी एक साधी तपासणी केली: माणसाच्या बोटांवर कोणती अमिनो आम्लं असतात ते बघितलं. आणि काय! तीच यादी. म्हणजे दगड हाताळणाऱ्यांच्या बोटांचा घाम दगडाला लागला होता.

चारच वर्षांनी, २८ सप्टेंबर १९६९ ला, ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावावर आकाशातून दगडांचा सडा पडला. सगळे मिळून १०० किलोंहून जास्त. या दगडातही अमिनो आम्लं होती. पण या खेपेला ती तपासणारे सिरिल पोन्नम्पेरुमा हे सावध होते. (हेही मूळचे श्रीलंकेचे, आणि काही वर्षं मद्रासला शिकलेले.) त्यांनी एक वेगळीच खूण शोधली. उजवा हात आरशापुढे धरा. आरशात कोणता दिसतो? डावा. बोटं तीच, पण एक हात दुसऱ्यावर तंतोतंत बसत नाही. बहुतेक अमिनो आम्लांचेही असे दोन प्रकार असतात, डावा आणि उजवा. पृथ्वीवरचे सगळे सजीव आपली प्रथिनं बनवताना फक्त डावा प्रकार वापरतात. तुम्ही, मी, गांडूळ, पिंपळ, सगळे डावे! त्यामुळे घामातून आलेली अमिनो आम्लं डावी असणार. मर्चिसनच्या दगडात मात्र डावी आणि उजवी जवळजवळ सारखीच निघाली. शिवाय त्यात अशीही अमिनो आम्लं होती, जी पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांत वापरतच नाहीत. ही काही कुणाच्या बोटांवरून आलेली नव्हेत. अवकाशातच बनलेली, आणि कुठल्याही जिवाने न बनवलेली.

गंमत बघा: मिलरच्या भांड्यात जे झालं, ते अवकाशातल्या दगडातही आपलं आपण होत असतं. बेनू नावाच्या लघुग्रहावरून २०२३ मध्ये नासाच्या यानाने सव्वाशे ग्रॅमच्या आसपास माती आणली. सजीव वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ त्या मातीत आहेत. म्हणजे जीव बाहेरून आला की नाही ते सोडा, पण त्याला लागणारं सामान आकाशातून पडत होतं हे नक्की.

तरी बोटांच्या घामाची भीती संपलेली नाही बरं का. जपानच्या यानाने र्‍युगू या लघुग्रहावरून २०२० मध्ये जेमतेम साडेपाच ग्रॅम माती आणली. किती जपून ठेवली असेल! त्यातला एक कण लंडनला अभ्यासाला गेला. आधी क्ष-किरणांनी त्याची आतबाहेर तपासणी झाली, तेव्हा त्यावर जिवाचं नावनिशाण नव्हतं. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तो काय, त्यावर बारीक दोऱ्यांसारखे जीव! आठवड्याभरात ते ११ चे १४७ झाले. इतक्या भराभर वाढणारे जीव कुठले? आपलेच, पृथ्वीवरचे. २०२४ मध्ये त्या शास्त्रज्ञांनी हे सगळं उघडपणे लिहिलं. लघुग्रहावरचा खाऊ आपल्या जिवाणूंना आवडतो, एवढं मात्र त्यातून कळलं!

आपण जसे आपल्या नमुन्यांत घुसतो, तसे दुसऱ्याच्या घरातही घुसू शकतो. म्हणून १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली वायकिंग यानं निघण्यापूर्वी मोठ्या भट्टीत ठेवली होती, सुमारे ११२ अंशांवर, ३० तास. मंगळावर जीव शोधायला जायचं आणि आपलेच जंतू तिथे सांडून यायचे, हे कसं चालेल?

आणि शनीकडे पाठवलेलं कॅसिनी यान तर याच कारणासाठी संपवलं गेलं. ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

शनीला एन्सेलेडस नावाचा एक चंद्र आहे. चिमुकला, व्यास जेमतेम ५०० किलोमीटर. आपल्या महाराष्ट्रात जवळजवळ मावेल एवढा. अंगभर पांढराशुभ्र बर्फ, तापमान उणे २०० अंशांच्या जवळ. सूर्यापासून इतक्या दूर, इतका छोटा गोळा म्हणजे आरपार गोठलेला असणार, असंच सगळ्यांना वाटायचं. २००५ मध्ये कॅसिनी त्याच्याजवळून गेलं, तेव्हा चुंबकमापी उपकरणाच्या नोंदींत काहीतरी विचित्र दिसलं. ते उपकरण सांभाळणाऱ्या मिशेल डॉहर्टी यांनी आग्रह धरला, की पुढच्या खेपेला यान आणखी जवळ न्या. नेलं, १७३ किलोमीटरपर्यंत. आणि दिसलं काय? चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर बर्फाला लांबच लांब भेगा, आणि त्यांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण यांची कारंजी थेट अवकाशात उडतायत!

बर्फाखाली चक्क समुद्र आहे. हा चंद्र शनीभोवती फिरत असताना शनी त्याला कधी जास्त ओढतो, कधी कमी. त्या ओढाताणीत तो आतून मळला जातो आणि तापतो. कॅसिनी पुढे त्या कारंज्यांतूनच उडत गेलं, २०१५ मध्ये तर पृष्ठभागापासून फक्त ४९ किलोमीटरवरून. त्याने त्यात मीठ टिपलं, हायड्रोजन टिपला, कार्बनचे रेणू टिपले. समुद्रतळाशी गरम पाणी असल्याशिवाय होत नाहीत असे वाळूचे अतिसूक्ष्म कण टिपले. कॅसिनी संपल्यावरही त्याच्या नोंदी चाळणं चालूच होतं. त्यांतून २०२३ मध्ये फॉस्फेट सापडलं. फॉस्फरसशिवाय आपल्या पेशीतला डीएनए बनत नाही. पाणी आहे, ऊब आहे, सामान आहे. जीव आहे का? ते शोधायची उपकरणं कॅसिनीवर नव्हती. ते १९९७ मध्ये निघालं, तेव्हा तिथे कारंजी असतील हे कुणाला ठाऊक होतं!

वीस वर्षांनी कॅसिनीचं इंधन संपत आलं. ते तसंच भटकत सोडलं असतं, तर कधीतरी एन्सेलेडसवर जाऊन आदळलं असतं. आणि त्याच्या एखाद्या खाचेत आपल्याकडचा एखादा चिवट जिवाणू अजून जिवंत असला तर? त्या समुद्रात जीव असेल की नाही माहीत नाही, पण तो नासवायचा हक्क आपल्याला नाही. म्हणून १५ सप्टेंबर २०१७ ला शास्त्रज्ञांनी कॅसिनी मुद्दाम शनीच्या वातावरणात घुसवलं आणि ते जळून गेलं. ज्यांनी आयुष्याची वीस-वीस वर्षं त्या यानाबरोबर काढली होती, त्यांनीच ती आज्ञा पाठवली.

सध्या एक यान वाटेत आहे. नाव युरोपा क्लिपर. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं, गुरूकडे चाललंय. गुरूच्या युरोपा या चंद्रावरही बर्फाखाली समुद्र असावा, पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांतल्या पाण्यापेक्षाही जास्त पाण्याचा. हे यान युरोपावर उतरणार नाही. जवळून पुन्हा पुन्हा, जवळपास ५० वेळा, उडत जाईल, बर्फाखाली रडारने बघेल आणि वर उडालेले धुळीचे कण पकडून ते कशाचे आहेत हे तपासेल. ते तिथे पोचणार एप्रिल २०३० मध्ये. तेव्हा तुम्ही कितवीत असाल, मोजा बरं.